पिकअपवरचं घर

त्या वर्षी दर शनिवारी सकाळी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्राचं जाहिरातींचं पान पसरायचे, लाल पेनाने दोन-तीन चौकोन करायचे आणि फोन माझ्याकडे सरकवायचे. मी चौदा वर्षांची होते. बाबांचं इंग्रजी व्याकरणाने माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं होतं. वुस्टरच्या एका कारखान्यात ते ग्राइंडिंगच्या मशीन डिझाइन करायचे आणि त्यांचे रिपोर्ट तिथे नमुना म्हणून फिरायचे. पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला की पलीकडचा माणूस दोनदा 'काय म्हणालात?' विचारायचा आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत बाबा फोन ठेवून द्यायचे. म्हणून मी बोलायचे. तुमचा ट्रक कॅम्पर अजून आहे का? आत झोपायची जागा वर आहे की खाली? टेबलाचे कोपरे गोल आहेत की टोकदार? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक लोक हसायचे. एका बाईने मला विचारलं, घरात लहान बाळ आहे का? मी हो म्हणून टाकलं.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवून बसवायचं एक छोटं घर. आत गॅसची शेगडी, बसायचे दोन बाक, मधलं टेबल खाली पाडून बाकांचा बिछाना करायची सोय, इवलंसं सिंक, आणि पुढे, ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर आलेल्या भागात, मोठा पलंग. नको तेव्हा चार जॅकवर उचलून उतरवायचं. श्रूजबरीतल्या आमच्या ओळखीच्या आठ-दहा मराठी घरांत पिकअप एकट्या बाबांकडे होती, कारखान्यातल्या एका माणसाकडून घेतलेली, निळी. मराठी मंडळींत त्यावरून थट्टा चालायची. जोशीकाका म्हणायचे, "काय देशपांडे, कापूस न्यायचाय का बाजारात?" बाबा सगळ्यांबरोबर हसायचे. ट्रकवर कॅम्पर घ्यायचा विचार आहे हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लगेच प्रश्न आला असता की कशाला.

कशाला, ते आम्हा तिघांनाच माहीत होतं. आईला फिट यायच्या.

हे वाक्य मी आज सहज लिहिते. तेव्हा आमच्या घरात हा शब्द कधी उच्चारला जात नसे. त्याला 'चक्कर' म्हणायचं. आम्ही भारतातून इथे आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात आई भाकरी थापताना खाली कोसळली, आणि मग दीड-दोन महिन्यांतून एकदा ते होऊ लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मी शाळेतून आले की माझे कान तिच्यावर लागलेले असायचे. आई नागपूरची, तिच्या स्वयंपाकघराला एक चाल होती: खलबत्त्याचे ठोके, फोडणीचा चर्र आवाज, मग नळ, मग बांगड्या. तिथला आवाज बंद झाला की माझं पेन थांबायचं. मी मनात दहा आकडे मोजायचे. सातव्या-आठव्याला बहुतेक बांगडी वाजायची आणि मी पुढचं गणित सोडवायला घ्यायचे. माझी त्या वर्षाची इतिहासाची वही अर्धी कोरी आहे. आजही माझ्या घरी पाहुणे स्वयंपाकघरात मदत करत असले आणि एकाएकी शांत झाले, तर मी बोलता बोलता उठून आत डोकावून येते. मुलं म्हणतात, मॉम, रिलॅक्स.

बाबांची काळजी वेगळी होती. त्यांना वाटायचं, कुणी पाहिलं तर? ते शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक स्टीलचा चमचा ठेवायचे, आईच्या दातांत घालायला. लग्नकार्याला, गणपतीला, घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला आम्ही सगळ्यांत शेवटी पोचायचो आणि आधी निघायचो. ही बातमी फुटली तर लोक म्हणतील, घराण्यात आहे. उद्या माझ्या लग्नाच्या वेळी म्हणतील. आणि नुकतंच लग्न होऊन गेलेल्या शैलामावशीच्या सासरीही तेच म्हणतील. शैलामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्नानंतर ती नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला आली होती, तिचे यजमान तिथल्या रिसर्च पार्कात कामाला होते. दोन बहिणी एका देशात, दोन दिवसांच्या रस्त्यावर, आणि दोन वर्षांत भेट नाही. मावशी फोन करायची, ये गं ताई. आई दर वेळी नवं कारण द्यायची. शुभाची परीक्षा आहे, यांना सुटी नाही, बर्फ आहे. मे महिन्यात पाऊस आहे असंही सांगून झालं. विमानात दोनशे लोकांसमोर काही झालं तर म्हणून विमान नको, मोटेलच्या लॉबीत झालं तर म्हणून मोटेल नको.

मग मावशीला दिवस गेले आणि तिचं पत्र आलं. आईने ते सिंकपाशी उभ्याने वाचलं आणि तिथेच ओल्या ओट्यावर ठेवलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, "बारशाला आली नाहीस तर मी समजेन की तुला मी नकोशी झाले. मग पुन्हा बोलावणार नाही." त्या दिवशी आईने वांगं भाजायला ठेवलं होतं ते विजेच्या शेगडीच्या कॉइलवर पार कोळसा झालं, तरी तिने ते भरीत तसंच केलं आणि आम्ही ते तसंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी बाबांनी कारखान्यातून कुणाचं तरी कॅम्परचं रंगीत पुस्तक आणलं. "हे बघ सुमन," ते म्हणाले, "पडदे आहेत. तू मागे पडून राहायचं. शुभा जवळ. वाटेत काही झालं तरी कुणाला दिसणार नाही." आईने पुस्तक चाळलं आणि विचारलं, "शेगडीचा गॅस गळला तर?" होकार की नकार, ते तिने सांगितलंच नाही. बाबांनी होकार धरला.

मग आमचे शनिवार सुरू झाले. आधी हमरस्त्यावरच्या डीलरकडे गेलो. तिथला विक्रेता उत्साहाने एकेक दार उघडायचा, हे बघा शॉवर, हे बघा कपाट, आणि बाबा टेप काढून टेबलाच्या कोपऱ्यापासून बाकापर्यंतचं अंतर मोजायचे. पायरीवरून खाली जमीन किती खोल आहे ते मोजायचे. दाराची कडी आतून लागली तर बाहेरून उघडते का, ते मला आत कोंडून पाहायचे. आई पदर कोटाच्या आत खोचून खाली उभी असायची आणि मी तिच्याकडे बघत असायचे. फिट यायच्या आधी ती उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची टोकं चोळायची. थंडीमुळेही चोळायची. दोन्हींतला फरक मला कधीच कळला नाही, म्हणून प्रत्येक वेळी मी तिच्याजवळ सरकायचे. विक्रेत्याने आईला त्या वरच्या पलंगावर चढून बघायचा आग्रह केला तेव्हा बाबा इतक्या जोरात "नो" म्हणाले की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

जाहिरात देऊन घरूनच विकणारे लोक वेगळे होते. एकाच्या कॅम्परमध्ये उंदरांनी गादी कुरतडली होती. एकाच्या छतातून पाणी गळून लाकूड पावासारखं मऊ झालं होतं. बाबांनी बोट लावलं तर ते आतच गेलं. एका ठिकाणी कुत्रा मोकळा होता, आम्ही गाडीतूनच परतलो. दर शनिवारी आई डब्यात कोथिंबीर भरलेली सांबारवडी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या घ्यायची आणि परतीच्या वाटेवर कुठेतरी थांबून आम्ही त्या पिकअपच्या पुढच्या लांब सीटवर तिघं ओळीने बसून खायचो. मावशीला नववा महिना लागला. बाबा टेप खिशात ठेवून म्हणायचे, मिळेल. मला कॅम्पर मिळूच नये असं वाटायचं. कारण मिळाला तर दोन दिवस त्या डब्यात आईबरोबर बंद असणारी मी होते, आणि बाबा पुढे. मी एकदा धीर करून विचारलं, मागे काही झालं तर तुम्हाला कळणार कसं? ते म्हणाले, "बेल बसवू. बॅटरीवर चालेल अशी. दाबलीस की मी थांबलोच." ती बेल त्यांनी कागदावर काढूनही दाखवली. चित्र फार सुबक होतं.

मिस्टर हॉलिसचा कॅम्पर आम्ही एप्रिलमध्ये पाहिला. वुस्टरच्या पश्चिमेला, छोट्या गावाबाहेर त्याचं घर होतं. म्हातारा, उंच, एका पायाने किंचित लंगडणारा. तीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. बायको वारल्यावर एकट्याने कॅम्परमधून फिरण्यात मन लागत नाही म्हणून विकत होता. कॅम्पर अंगणात जॅकवर उभा होता, लहान, स्वच्छ, टेबलाचे कोपरे गोल. बाबांनी मोजून झाल्यावर टेप मिटली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

हॉलिस म्हणाला, तुमचा ट्रक हे वजन पेलतो का ते आधी बघू. बाबांनी पिकअप मागे घेतली, दोघांनी तासभर खपून कॅम्पर हौद्यात बसवला. बाबा इतके मोकळे झालेले मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. स्प्रिंग, टायर, वजन कुठे येतं, यावर दोघं बोलत होते आणि हॉलिसला बाबांचं इंग्रजी नीट कळत होतं. मग चालवून बघायची वेळ आली. हॉलिस म्हणाला, बाईंना पुढे बसू द्या, मी इथे थांबतो. बाबा म्हणाले, नाही, त्या दोघी मागे बसतील, त्यांना सवय व्हायला हवी. हॉलिसला ते फारसं रुचलं नाही, पण तो म्हणाला, ठीक, सावकाश घ्या, चौकापर्यंत जाऊ. तो पुढे बाबांच्या शेजारी बसला.

मागे दार लागलं. आई बाकावर बसली, मी समोर. गाडी हलली तशी सगळी कपाटं एकदम कुरकुरली. केबिनच्या मागच्या काचेसमोर कॅम्परचीही एक छोटी काच होती, दोन काचांमध्ये वीतभर फट, आणि त्या दोन काचांतून मला बाबांचं आणि हॉलिसचं डोकं मागून दिसत होतं. आई पडद्याच्या कापडाकडे बघत होती. "चांगलं शिवलंय," ती म्हणाली. त्याच्या बायकोने शिवलं असेल, म्हणाली. मग तिचा अंगठा बोटांवर फिरायला लागला. मी म्हटलं, "आई, थंडी वाजतेय का?" तिची नजर पडद्यावरच राहिली.

ती बाकावरून घसरली तेव्हा मी तिच्या डोक्याखाली हात घालू शकले एवढंच. वळण आलं, वरचं कपाट उघडून एक तवा आमच्याशेजारी आदळला. आईचं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. मी एका हाताने चप्पल काढली आणि काचेवर मारली. पुन्हा मारली. "बाबा!" म्हणून मी ओरडले. काचेपलीकडे बाबांनी हात वर करून रस्त्याच्या कडेचं काहीतरी हॉलिसला दाखवलं आणि दोघं हसले. ते मला अजून दिसतं, तो वर गेलेला हात. काच फोडायला उठावं तर आईचं डोकं टेबलाच्या लोखंडी पायावर आपटणार होतं. मी चप्पल टाकली. जमिनीवर बसले, तिचं डोकं मांडीत घेतलं, बाकावरची उशी ओढून त्या पायाला लावली आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले, मराठीत, एकापासून. गाडी थांबली तेव्हा एकशे चाळीसपर्यंत आले होते. आईचे झटके थांबले होते आणि घोरल्यासारखा श्वास सुरू झाला होता.

बाबांनी हसत दार उघडलं. त्यांनी पाहिलं. मग त्यांनी काय केलं तर आत चढून आपल्यामागे दार लावून घेतलं, हॉलिस बाहेर राहिला. त्यांनी खिशातून चमचा काढला. बाहेरून हॉलिस विचारत होता, सगळं ठीक ना? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला सांग, गाडी लागली. उलटी होतेय."

मी तोंड उघडलं ते तसंच सांगायला. शनिवारच्या सगळ्या फोनांवर मी खोटं बोलतच आले होते. पण माझ्या मांडीवर आईचं डोकं जड झालं होतं, माझा फ्रॉक तिच्या लाळेने भिजला होता, आणि मी इंग्रजीत ओरडून म्हटलं, "माझ्या आईला एपिलेप्सी आहे. तिला आत्ता फिट आली." घराबाहेर हा शब्द मी प्रथमच उच्चारला.

हॉलिसने दार उघडलं. तो वाकून आत आला, आईला कुशीवर करायला लावलं आणि बाबांच्या हातातला चमचा हलकेच घेऊन सिंकमध्ये ठेवला. तोंडात काही घालायचं नाही, तो म्हणाला, दात तुटतात. त्याच्या बसमध्ये एका मुलीला असंच व्हायचं, सहा वर्षं तो तिला शाळेत नेत होता. मग त्याने टेबल खाली पाडून बिछाना केला, आम्ही आईला त्यावर निजवलं, आणि तो बाबांना म्हणाला, आता तुम्ही मागे बसा, ट्रक मी चालवतो.

त्याच्या अंगणात परत आल्यावर आई तासभर झोपली होती. मी पायरीवर बसले होते. हॉलिसने बाबांना विचारलं, कॅम्पर कशासाठी हवा आहे. बाबांनी सांगितलं, सगळं, मावशी, बारसं, पडदे, बेल. त्यांचं ते व्याकरणशुद्ध इंग्रजी मी तेव्हा ऐकत होते आणि मला रडू येत होतं. हॉलिसने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मी हा तुम्हाला विकणार नाही. चालत्या गाडीत त्यांना तुमच्या नजरेआड ठेवायला मी माझी वस्तू देणार नाही. मघाशीसुद्धा मी हो म्हणायला नको होतं, ती चूक माझी."

बाबांचा चेहरा काळा पडला. ते मराठीत मला म्हणाले, "आईला उठव. निघू या."

"मी जागी आहे," आतून आई म्हणाली. ती दारात आली, केस सुटलेले, एक हात चौकटीला. फिटनंतर तिची जीभ जड व्हायची, ती सावकाश बोलली. "अहो, तो बरोबर बोलतोय. मी काय सामान आहे, मागे भरायला?"

"आणि वाटेत कुणी पाहिलं तर?"

"पाहू द्या. चार वर्षं कुणी पाहिलं नाही, म्हणून काही थांबल्या का?"

मग आई हॉलिसकडे वळली. दुकानातही माझ्यामार्फत बोलणारी माझी आई इंग्रजीत म्हणाली, "आय सिट फ्रंट. विथ हझबंड, विथ डॉटर. धिस, ओन्ली फॉर स्लीपिंग. देन यू गिव्ह?" हॉलिसने बाबांकडे पाहिलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. हॉलिसने अंगावरचा कोट काढून आईला पायरीवर बसायला घडी करून दिला आणि मग शेगडी कशी लावायची, गॅस गळतो का ते साबणाच्या पाण्याने कसं तपासायचं, ते तिलाच समजावलं. मी भाषांतर करायला पुढे झाले तर तिने मला हाताने थांबवलं.

बारशाला आम्ही मे अखेरीस निघालो. आई खिडकीशी, मी मध्ये, बाबा स्टिअरिंगवर. सुखाचा प्रवास होता असं म्हणणार नाही, दोन दिवस माझी नजर तिच्या अंगठ्यावर होती. पहिला मुक्काम झाडीतल्या एका कॅम्पग्राउंडवर केला, तिथे आईने उजेड असतानाच त्या इवल्या शेगडीवर पिठलं टाकलं आणि शेजारच्या तंबूतली बाई वास कसला म्हणून विचारायला आली. व्हर्जिनियात भर दुपारी आईला फिट आली. बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, आम्ही तिला कुशीवर केलं, मी घड्याळ धरलं. दोन गाड्या थांबल्या, एका माणसाने खाली उतरून पाणी हवं का विचारलं. बाबांनी त्याच्याकडून पाणी घेतलं आणि त्याला थँक यू म्हटलं. बाकी काही घडलं नाही. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि उठल्यावर कॅरी अजून किती लांब आहे ते विचारलं.

मावशीच्या अपार्टमेंटमध्ये पाच-सहा बायका होत्या, भारतातून आलेल्या तिच्या सासूबाई होत्या, पाळण्याला फुगे बांधले होते. मावशी ताई ताई करत धावत आली, रडली, आणि आईने चपला काढायच्या आत बाळ तिच्या हातात द्यायला लागली. आईने हात मागे घेतले. मावशीचा चेहरा एकदम उतरला. तिला वाटलं असणार, पत्रात लिहिलं तेच खरं.

"शैले, उभ्याने नको देऊ," आई म्हणाली. खोलीत सगळे ऐकत होते आणि तिने आवाज खाली आणला नाही. "मला फिट येतात. चार वर्षं झाली. म्हणून येत नव्हते. मी खाली बसते, मग दे."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मी सासूबाईंकडे बघत होते, बाबा दारात बॅग घेऊन तसेच उभे होते. सासूबाईंनी सोफ्यावरची गादी उचलून जमिनीवर टाकली, भिंतीला एक लोड लावला आणि म्हणाल्या, "इथे टेका." आई मांडी घालून बसली. मावशी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि बाळ तिच्या मांडीत ठेवून एक हात खाली धरून राहिली.

थोड्या वेळाने मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "शुभा, तू जा गं बाहेर, मागे झोपाळे आहेत. मी आहे ना इथे." मी आईकडे पाहिलं, ती बाळाची बोटं मोजत होती. मी बाहेर गेले. झोपाळ्यावर बसले, आणि किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोजलं नाही.